ठळक अक्षरातला बिबट्या

नारायणगावच्या बाजारात २० किलोचं टोमॅटोचं क्रेट एका आठवड्यात निम्म्या भावावर आलं, तरी आमचे दाजी तंबाखू मळत ‘चालायचंच’ म्हणतात. उसात बिबट्या फिरतोय म्हटलं तरी रात्री मोटर चालू करायला एकटे निघतात. पण मंचरहून रक्ताचा रिपोर्ट आला, किडनीसाठी बघतात ते क्रिएटिनिन ०.९ चं १.० झालेलं, आणि दाजींनी जेवण सोडलं.

अहो, पाणी कमी प्यालं तरी तो आकडा हलतो. शिवाय ‘नॉर्मल’ची हद्द बहुतेक अशी आखतात की १०० धडधाकट माणसांतली ५ तिच्याबाहेर राहतात. वीस तपासण्या केल्या की एखादा आकडा बहुधा ठळक छापून येणारच.

‘मग पुढच्या खेपेला चाळीसवालं पॅकेज घेऊ,’ दाजी म्हणाले, आणि चिमूट ओठाखाली सरकवली.