रूपक अधिक दोन

लग्नाच्या गाण्यांत नवऱ्यामुलाने लक्ष घालू नये, असा आमच्या वसईतला अलिखित नियम आहे. आत मिस्साला कॉयर, बाहेर ब्रासबँड. दोघांची गाणी ठरलेली. पण माझ्या भाच्याच्या डोक्यात ‘सपर्स रेडी’ शिरलं. ‘जेनेसिस’ या इंग्रज बँडचं 1972 सालचं प्रोग्रेसिव्ह रॉक. सुरुवात एका जोडप्याच्या घरात, शेवट थेट प्रकटीकरणातल्या नव्या यरुशलेमात आणि मध्ये ऑर्गनचा धुमाकूळ. लांबी सुमारे 23 मिनिटं. वसई रोडला धीम्या लोकलमध्ये बसून कानात घातलं, तर नायगाव जातं, खाडीचा पूल जातो, भाईंदरची ढकलाढकली होते, दहिसरही मागे पडतं; ते जोडपं मात्र अजून जगबुडीतच अडकलेलं.

“मामा, आपलं कॉयर करील ना हे?” की-बोर्ड मी वाजवतो, म्हणून गळ मला.

तसं पाहिलं तर आक्षेप घ्यायला जागा नव्हती. हॅमंड ऑर्गन 1935मध्ये बाजारात आला तो मोठा पाइप ऑर्गन न परवडणाऱ्या चर्चना डोळ्यांसमोर ठेवून. पुढे तो रॉकवाल्यांच्या नादी लागला. म्हणजे उधळ्या पुत्राचाच दाखला. घरी यायचं म्हणतोय तर वासरू नको कापायला?

कॉयरचीही या मंडळींना भारी हौस. सत्तरच्या दशकात त्यासाठी मेलोट्रॉन नावाचं यंत्र वापरायचे. प्रत्येक पट्टीखाली एक टेप. दाबली की माणसांचा आवाज, आणि तोही जेमतेम आठ सेकंद. आमच्या बायका एका श्वासात त्याहून जास्त खेचतात. फक्त चहा वेळेवर लागतो.

अडचण होती ती तालाची. गाण्यातल्या एका भागाचं नावच ‘अपोकॅलिप्स इन 9/8’. त्यावर जगभरचे शौकीन डोळे मिटून मान हलवतात, अर्थात चुकीच्या जागी. आमचा तबलजी पानवेलीला पाणी सोडून तालमीला आला होता. (व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली, तिच्यामागोमाग तबलाही.) त्याने मोबाइल कानाला लावला, मांडीवर बोटं आपटली. तीन, दोन, चार. “रूपकच की. शेवटच्या दोनाचे चार केलेत,” म्हणाला आणि चुना मळायला लागला. एवढ्यावर इंग्लंडातली एक पिढी दिपून गेली होती.

फादरांनी शांतपणे ऐकून घेतलं. “मिस्सात प्रेमगीत नाही. नंतर रजिस्टरवर सह्या होतात, तेवढ्यात काय ते उरका.” म्हणजे चार मिनिटं. आम्ही प्रेम गाळलं, जगबुडी गाळली आणि सरळ यरुशलेम गाठलं. सह्या लवकर आटोपल्या, तेव्हा फोटोग्राफरने साक्षीदारांना पुन्हा पेन धरून वाकायला लावलं. करवली दोनदा वाकली. कॉयरने शेवटचा स्वर असा लावला, की बाहेरच्या ब्रासबँडवाल्यांनी घाबरून ट्रंपेट खाली ठेवले.

भाचा डोळे पुसत होता. त्याच्या मते वसईत क्रांती झाली होती.

मांडवात थोरल्या मावशीने मला गाठलं. “शेवटचं भक्तिगीत छान होतं रे. गीतपुस्तकात कितव्या पानावर आहे? रविवारी दानार्पणाला घ्या.”