सप्ताह बसला आहे

नोव्हेंबर लागला की नागपूरच्या लकडगंजातल्या उपक्रमी बाबाच्या अंगात येतं. १ तारखेला जागतिक व्हीगन दिन, ५ ते १२ पक्षी सप्ताह, १४ ला बालदिन. एवढा दाट मुहूर्त वर्षात पुन्हा येत नाही. दिवाळीच्या फराळाचे डबे अजून घासायचे असतात, तेवढ्यात फ्रिजच्या दारावर तक्ता चिकटतो : पहाटे पक्षी, दुपारी पुस्तकं आणि तिन्ही वेळा दुधाविना स्वयंपाक.

हा बाबा ओळखायला सोपा. त्याच्या आजोबांनी सागवानाचा टाल काढला, वडिलांनी आरामशीन टाकली आणि हा टी-शर्टवर वाघ मिरवत गल्ल्यावर बसतो. नव्या संसदेतलं सागवान नागपूरहून गेलं, हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. पावती फाडता फाडता जंगल कसं झपाट्याने कमी होत चाललंय, तेही सांगतो. दोन्ही अगदी मनापासून.

व्हीगन पंथाचं बारसं १९४४ साली इंग्लंडात झालं. डोनाल्ड वॉटसन आणि मंडळींनी दूध-अंडीसुद्धा वर्ज्य करणाऱ्यांची वेगळी संस्था काढली. लकडगंजात यायला पंथाला पाऊणशे वर्षं लागली खरी, पण आला तो थेट चहात. बदामाचं दूध गरम चहात फाटतं, हे घराला पहिल्याच सकाळी कळलं. दुसऱ्या दिवशी ओटचं दूध आलं. तिसऱ्या दिवशी मुलांचे आजोबा ‘जरा टालावर जाऊन येतो’ म्हणून सहालाच बाहेर पडले. टाल दहाला उघडतो. कोपऱ्यावरची टपरी साडेपाचला.

आजीने मात्र तक्ता शांतपणे वाचला. “वडाभातात कुठं दूध असते रे?” एवढंच विचारलं आणि कामाला लागली. वडाभात, गोळाभात, झुणका-भाकर, सांबारवडी, जवसाची चटणी, झणझणीत रश्श्यातली बेसनाची पाटोडी. कढीऐवजी चिंचेचं सार. सकाळचे तर्री-पोहे तर आधीपासूनच पंथात बसणारे. नागपूरकराला व्हीगन व्हायला फारसं काही सोडावं लागत नाही, तूप आणि संत्रा बर्फी सोडली तर. पण आईच्या हातचं खाऊन व्हीगन झालो, असं चारचौघांत कसं सांगायचं? बाबाने मुंबईहून बर्फात घातलेला टोफू मागवला. तो सोयाबीनचा असतो आणि सोयाबीन पिकतं शहराबाहेरच्या शेतांत, हे आजोबांनी त्याला सांगून पाहिलं. २०२२ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने व्हीगन पदार्थांचे नियम केले, पाकिटावर हिरवं चिन्ह आलं. आजीच्या पाटोडीवर ते चिन्ह नाही. त्यामुळे बाबाचा तिच्यावर पुरता विश्वास बसत नाही.

“झाड कापलेलं चालते का व्हीगनमध्ये?” धाकटीने जेवताना विचारलं. तीन पिढ्या सागवानी टेबलाभोवती बसल्या होत्या. कोणी घास थांबवला नाही, उत्तरही दिलं नाही.

पुस्तकांचं खातं आईकडे, म्हणून ते नीट चालतं. धाकटीला माधुरी पुरंदरेंचं ‘राधाचं घर’. दोघांत मिळून ‘किशोर’चे जुने अंक, बालभारतीने ते इंटरनेटवर फुकट ठेवलेत. मारुती चितमपल्लींचं ‘चकवाचांदण’ आई स्वतः वाचते. पक्षी सप्ताह सुरूच होतो त्यांच्या वाढदिवसाला आणि संपतो सलीम अलींच्या. चितमपल्लींनी वनखात्यात हयात घालवली, नंतरची कितीतरी वर्षं नागपुरात काढली. २०२५ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. एवढा मोठा माणूस आपल्या गावात राहत होता, हे मुलांना आईने सांगितलं. बाबा तेव्हा दुर्बिणींच्या किमती बघत होता.

मोठ्याला मिळाला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. आणि तिथेच पक्षी सप्ताहात विघ्न आलं.

भल्या पहाटे कुडकुडत शहराच्या दुसऱ्या टोकाला, गोरेवाड्याच्या तलावावर जायचं. बोलायचं नाही, खोकायचं नाही, हिरवे-तपकिरी कपडे. बाबा वही घेऊन झाडामागे, मोठा त्याच्या मागच्या झाडाआड. बन्या फेणेची ‘ट्टॉक्’ अंगात भिनलेली. कंटाळा आला की पोरगं जीभ टाळूला लावून वाजवतं. तांबट पक्षी हुबेहूब नाही, पण साधारण तसाच ठोके घालतो. बाबाने वहीत तांबट लिहिला. थोड्या वेळाने आणखी एक. चौथ्या तांबटाला आईच्या लक्षात आलं. पण नवरा इतका खुशीत होता की तिने बदकांकडे दुर्बीण वळवली. संध्याकाळी ती नोंद पक्षीमित्रांच्या ग्रुपवर गेली आणि एका जाणत्याने ‘वा!’ असंही लिहिलं.

शनिवारी पेंच. २०२४ साली ते देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरलं, तेव्हापासून बाबा तिथे वाघापेक्षा आकाशगंगा दाखवायला नेतो. मुलं गाडीत झोपतात. आकाश बाबाच बघतो, मान दुखेपर्यंत, आणि परतीच्या वाटेवर पहिल्यांदाच काही बोलत नाही.

पक्षी सप्ताह १२ ला संपतो. बालदिनाचा कार्यक्रम १४ ला सकाळी सातपासून आहे. मधली १३ तारीख तक्त्यात कोरी राहिली आहे आणि घरातली सगळी मुलं, आजोबांसकट, तिच्याच भरवशावर आहेत.