तळघरातला जनरल मॅनेजर

अमेरिकेतल्या बेताच्या घरालाही पुष्कळदा तळघर असतं. तिथे कपडे धुण्याचं मशीन, घर गरम ठेवणारी भट्टी, मुलांची मोडकी सायकल आणि एक जनरल मॅनेजर अशा वस्तू ठेवलेल्या असतात. हा मॅनेजर दिवसा विमा कंपनीत नाहीतर गावच्या पाणीपुरवठा खात्यात खर्डेघाशी करतो. रात्री जेवणं उरकली की जिना उतरून खाली येतो आणि एका बेसबॉल संघाची सूत्रं हातात घेतो. संघ कॉम्प्युटरमध्ये असतो, खेळाडूही कॉम्प्युटरमध्ये. त्यातले बरेचसे कुणाच्याच पोटी जन्मलेले नसतात. पण त्यांच्या कोपराच्या दुखण्यापायी याची झोप उडते, ती मात्र खरीखुरी उडते.

या खेळाचं नाव ‘आऊट ऑफ द पार्क बेसबॉल’. मार्कुस हाइनसोन नावाच्या जर्मन माणसाने तो रचला आणि १९९९ मध्ये तो पहिल्यांदा बाजारात आला. यात स्वतः बॅट फिरवायची नसते. करार करायचे, पोरं निवडायची, पगार कापायचे, म्हातारे पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे, घरी पाठवायचे. थोडक्यात, दिवसभर साहेब जे याच्याशी करतो ते रात्री याने दुसऱ्यांशी करायचं. खूळ मात्र कॉम्प्युटरच्या आधीचं आहे. १९६१ मध्ये हॅल रिचमनने ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ काढला, तेव्हा हेच उद्योग पत्ते आणि फासे घेऊन चालत. रॉबर्ट कूव्हरने तर १९६८ मध्ये असल्याच एका खुळ्या माणसावर अख्खी कादंबरी लिहिली. तिचा नायक हिशेबनीस आहे आणि फाशाच्या एका दानात आपला लाडका खेळाडू मेला म्हणून तो पार खचतो. आमचा मॅनेजर ती कादंबरी शोकांतिका म्हणून वाचत नाही. लीगचे नियम कसे बसवलेत ते बघायला वाचतो.

तर अशा या मॅनेजरांत दोन पंथ आहेत आणि दोघांत विस्तव जात नाही. भांडण होतकरू पोरांवरून. मायनर लीगमधल्या, म्हणजे मोठ्या लीगच्या खालच्या पायरीवरच्या, एकोणीस वर्षांच्या मुलात उद्याचा खेळाडू आहे की नाही, हे कशावरून ओळखायचं? त्याच्या रेटिंगवरून की त्याने केलेल्या धावा-फटक्यांच्या आकडेवारीवरून?

रेटिंगवाला म्हणतो, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. त्याच्यापुढे स्काऊटने, म्हणजे होतकरू पोरं हेरत फिरणाऱ्या माणसाने, भरलेला तक्ता असतो: चेंडूला बॅट लावणं, ताकद, नजर, पळणं. गुण वीसपासून ऐंशीपर्यंत. पन्नास म्हणजे मोठ्या लीगमधला सर्वसाधारण, ऐंशी म्हणजे देवमाणूस. वीसच्या खाली कुणीच नाही, त्यामुळे ज्याला काहीच येत नाही तोही वीस गुण खिशात घालून बसलेला. ही मोजपट्टी खऱ्या बेसबॉलमधल्या स्काऊटांचीच. खेळाने ती जशीच्या तशी उचलली. शेजारी चांदण्याही असतात. आज दोन, उद्याच्या साडेचार. या ‘उद्याच्या’ अडीच चांदण्यांवर रेटिंगवाला वर्षानुवर्षं जगू शकतो.

मी पाहिलेल्या एकाने डोमिनिकन रिपब्लिकमधला सोळा वर्षांचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला रक्षक) असाच पदरात घेतला होता. ताकद, पुढेमागे सत्तर. तीन हंगामांनी पोरगं डबल-ए नावाच्या मायनर लीगमध्ये ०.२१८ च्या सरासरीने (दहा खेपांत जेमतेम दोन फटके) खेळत होतं आणि दर तिसऱ्या खेपेला तीन स्ट्राइक खाऊन परतत होतं.

“त्याला वेळ द्यायला हवा,” मॅनेजर गंभीरपणे म्हणाला.

“कुणाला?” जिन्यावरून बायकोने विचारलं. तिच्या हातात धुवायच्या कपड्यांची टोपली होती.

“शॉर्टस्टॉपला. घरापासून लांब आहे ना तो.”

“त्याला घर आहे?”

यावर मॅनेजरने पडद्यावरचं त्याच्या जन्मगावाचं नाव दाखवलं. ती कपडे मशीनमध्ये टाकून वर गेली.

आकडेवारीवाला या भोळसटपणाला हसतो. त्याने मायकेल लुईसचं ‘मनीबॉल’ २००३ साली आल्या आल्या वाचलं आणि तेव्हापासून त्याचा स्काऊट या जातीवरचा विश्वास उडाला. बिली बीनचं उदाहरण त्याच्या जिभेवरच असतं. १९८० मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीत न्यूयॉर्क मेट्स संघाने पहिल्याच फेरीत निवडलेला, उंचापुरा, देखणा, ज्याच्यावरून स्काऊटांनी जीव ओवाळून टाकावा असा पोरगा. मोठ्या लीगमध्ये १४८ सामने खेळला, सरासरी ०.२१९, होमरन तीन. पुढे हाच बीन ओकलंडच्या संघाचा जनरल मॅनेजर झाला आणि स्काऊटांच्या नजरेपेक्षा आकड्यांना मान देऊ लागला. उलट माइक पियाझा. १९८८ च्या निवडीत बासष्टाव्या फेरीत, १३९० वा, तोही वडिलांच्या ओळखीच्या वशिल्याने. त्याने ४२७ होमरन मारले आणि २०१६ मध्ये तो बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. वशिल्याने आलेला एवढा लायक माणूस आपल्याकडच्या वाचकाला पटणार नाही, पण नोंद आहे.

म्हणून आकडेवारीवाला रेटिंगचा पडदाच बंद करून टाकतो. खेळात तशी सोय आहे. नुसते आकडे बघायचे, कारण आकडे खोटं बोलत नाहीत.

बोलतात हो. पाचशे वेळा बॅटिंगला आलेल्या ०.२७० च्या फलंदाजाला नुसत्या नशिबाने ०.२५० किंवा ०.२९० ची सरासरी सहज पडते. शंभर वेळांत तर ०.२२६ आणि ०.३१४ ही दोन्ही सोंगं तोच माणूस घेऊ शकतो. शिवाय पंचवीस वर्षांचा घोडा खालच्या लीगमध्ये अठरा वर्षांच्या पिचरना बदडतो, ते दहावीच्या वयाच्या मुलाने पाचवीच्या वर्गात बसून कबड्डीत पहिलं येण्यासारखं. अल्बुकर्की शहरातलं मैदान तर समुद्रसपाटीपासून पाच हजार फुटांवर. तिथल्या विरळ हवेत चेंडू असा जातो की बॅट धरता येणारा प्रत्येक जण भीम वाटतो. हे सगळं वजा करता करता आकडेवारीवाला इतका मुरलेला असतो की घरात पोराने शाळेच्या मॅचनंतर “बाबा, आज मी कसा खेळलो?” असं विचारलं, तर तो म्हणतो, “एका मॅचवरून काही सांगता येत नाही.” पोरगा आठ वर्षांचा आहे. त्याला मिठी आणि आईस्क्रीम हवं होतं.

आता गंमत बघा. खऱ्या बेसबॉलमध्ये हे भांडण समजू शकतं. तिथे मुलाच्या अंगात नक्की किती आहे ते खुद्द मुलालाही ठाऊक नसतं. स्काऊटही चाचपडतो आणि गणितीही. पण या खेळात उत्तर मशीनच्या पोटात लिहिलेलं आहे! प्रत्येक खेळाडूचा एक खरा आकडा तिथे बसलेला असतो. फलंदाज उभा राहिला की मशीन त्याचा आणि पिचरचा आकडा घेतं, नशिबाचे फासे टाकतं आणि निकाल देतं. आकडेवारी म्हणजे त्या दडलेल्या आकड्याचा फाशांतून गाळून आलेला काढा. आणि स्काऊट जे दाखवतो तेही खरं रेटिंग नव्हेच. खेळानेच स्काऊटच्या डोळ्यांवर धुकं सोडलेलं असतं. ते किती दाट ठेवायचं हे मॅनेजर स्वतः ठरवतो, आणि मर्द गडी ते दाटच ठेवतो. त्यातून खरा आकडाही एका जागी बसत नाही. काल रात्रीचा साडेचार चांदण्यांचा हिरा सकाळी दोन चांदण्यांचा गोटा होऊ शकतो, हेही मशीनमध्ये मुद्दाम घातलेलं. म्हणजे पैसे मोजून खेळ घ्यायचा, स्वतःच्या डोळ्यांवर स्वतःच पट्टी बांधायची आणि मग कुणाची पट्टी जास्त पारदर्शक यावर वितंडवाद घालायचा. यापेक्षा बिनकामाचं भांडण मी पाहिलेलं नाही आणि इतकं मन लावून केलेलंही नाही.

धुकं बाजूला सारायचा एक चोरदरवाजाही आहे. त्याला ‘कमिशनर मोड’ म्हणतात. एक बटण दाबलं की आपण लीगचे विधाते. खेळाडूच्या पोटातला खरा आकडा उघडा. हे बटण आपण कधीच दाबत नाही असं दोन्ही पंथांचे लोक शपथेवर सांगतात. शपथेवर सांगावं लागतं यातच काय ते आलं.

आमच्या त्या शॉर्टस्टॉपवाल्याने ते दाबलं. मध्यरात्र उलटून गेली होती, घर झोपलं होतं. “फक्त याचंच बघतो,” असं तो पडद्याला म्हणाला. ताकद, पुढेमागे सत्तर असं स्काऊटने लिहिलं होतं. आत होते चाळीस.

शहाणा माणूस दुसऱ्या दिवशी तो पोरगा एखाद्या भाबड्या संघाच्या गळ्यात बांधून मोकळा झाला असता. पण तसं केलं तर चोरून पाहिलेल्या उत्तराचा फायदा घेतल्यासारखं होईल, आणि फसवणूक याच्या रक्तात नाही. न पाहिल्यासारखं करायचं, तर पोरावर विश्वास दाखवत राहणं भाग आहे. त्याने लागलीच शॉर्टस्टॉपचा करार वाढवून दिला. चांगल्या पगारावर.

पोरगा आता चोवीस वर्षांचा आहे. डबल-एमध्येच आहे, ०.२२४ ने खेळतो. परवा एका संघाने त्याच्या बदल्यात बरा डावरा पिचर देऊ केला होता. मॅनेजरने नकार कळवला.