किसलेलं की ठेचलेलं?

संभाव्यतेच्या पुस्तकातली माणसं फार निवांत असतात. कुणाच्या तरी पिशवीत पाच लाल आणि तीन निळे चेंडू असतात. तो गृहस्थ न बघता पिशवीत हात घालतो, एक चेंडू काढतो, रंग बघतो आणि परत टाकतो. मग पुन्हा काढतो. त्याला कामावर जायचं नसतं, गॅसचा नंबर लावायचा नसतो, आणि ‘अहो, हे चेंडू तुम्ही आणलेत कुठून?’ असं विचारणारं घरात कुणी नसतं. दुसरा एकजण सकाळपासून दोन फासे टाकत बसलेला असतो. तिसरा पत्ते पिसून बदामच्या राणीची वाट बघतो. आमच्या वाड्यात असा एक होता. त्याच्याकडे कुणी मुलीचं स्थळ घेऊन जात नसे.

या मंडळींच्या नादी मी पन्नाशी उलटल्यावर लागलो. ऑफिसात नवे साहेब आले आणि त्यांनी प्रत्येक अहवालाच्या खाली ‘हे स्टॅटिस्टिकली सिग्निफिकंट आहे का?’ असं लाल शाईत विचारायला सुरुवात केली. आम्ही आळीपाळीने ‘होय’ आणि ‘नाही’ लिहून पाहिलं. दोन्हीवर ‘कशावरून?’ असा शेरा आला. तेव्हा संध्याकाळच्या एका सर्टिफिकेट कोर्सला नाव घातलं. शिकवणारे सर माझ्या भाच्याहून लहान. ते मला ‘काका’ म्हणतात, मी त्यांना ‘सर’ म्हणतो. वर्गात बहुतेक सगळे माझ्याच वयाचे, चष्मा वर करून फळा आणि खाली करून वही बघणारे.

पहिल्याच आठवड्यात सरांनी वाढदिवसाचं कोडं घातलं. खोलीत तेवीस माणसं असली तर त्यातल्या निदान दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता पन्नास टक्क्यांच्या थोडी वर जाते. कुणाचाच विश्वास बसेना. सर खूश झाले. त्यांना हेच हवं होतं. ‘आपण करूनच पाहू,’ म्हणत त्यांनी पहिल्या बाकाकडे बोट केलं. पहिले काका म्हणाले, एक जून. दुसरे म्हणाले, एक जून. तिसरे नुसतेच हसले. सरांचा खडू हवेत राहिला. शहरात वाढलेल्या या पोराला कुणी सांगितलंच नव्हतं, की आमच्या पिढीतल्या खेड्यापाड्यातल्या कित्येकांना गुरुजींनी शाळेत नाव घालताना जन्माला घातलंय. आईला आठवायचं ते एवढंच, की ‘मोठ्या पावसाच्या साली झाला’. गुरुजी पोराचा अंदाज घेत, वयात बसेल असं साल धरत आणि एक जून टाकून मोकळे होत. वर्षातले सगळे दिवस सारखेच संभाव्य आहेत, हे त्या कोड्यातलं गृहीतक जिल्हा परिषदेच्या शाळांनी कधीच मोडीत काढलं होतं. सरांनी मुकाट्याने पुढचा धडा काढला.

पुढचा धडा परिकल्पना चाचणीचा. यात आधी शून्य परिकल्पना मांडायची, म्हणजे ‘विशेष काही नाही, जे दिसतंय तो निव्वळ योगायोग’ असं धरून चालायचं. मग माहिती गोळा करायची. योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही असं काही हाती लागलं, तर शून्य परिकल्पना नाकारायची. इथवर मी सरांच्या बरोबर होतो. पण तसं काही नाही लागलं, तर तिला मान्य करायचं नाही. ‘नाकारण्याइतका पुरावा नाही’ एवढंच म्हणायचं. वर्गातल्या एका निवृत्त मामलेदारांना हे अजिबात पटेना. मला मात्र लगेच पटलं. मुलाकडचे पोहे खाऊन, मुलीचं गाणं ऐकून ‘कळवतो’ म्हणून उठतात, तो होकार नसतो आणि नकारही नसतो. मी हे उदाहरण वर्गात दिलं. सर अविवाहित निघाले.

गृहपाठ असा होता: घरातला एखादा दावा घ्या, त्याची शून्य परिकल्पना लिहा, प्रयोग करा, पी-व्हॅल्यू काढा. नमुना म्हणून सरांनी रोनाल्ड फिशरची गोष्ट सांगितली. १९२०च्या आसपास हे गृहस्थ इंग्लंडात रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात काम करत. तिथल्या म्युरिएल ब्रिस्टल नावाच्या शेवाळतज्ज्ञ बाई एकदा म्हणाल्या, कपात आधी दूध घातलंय की आधी चहा, हे मला चवीवरून कळतं. आपल्याकडे यावर कुणीतरी ‘बरं बाई’ म्हणून विषय संपवला असता. फिशरने आठ कप मांडले. चार आधी दुधाचे, चार आधी चहाचे, क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा, कसाही. बाईंना चार-चार आहेत हे माहीत. आठातून चार कप निवडण्याचे एकूण सत्तर प्रकार होतात आणि त्यातला बरोबर एकच. म्हणजे नुसत्या अंदाजाने सगळं जुळण्याची शक्यता सत्तरात एक, दीड टक्क्याहूनही कमी. एखादी जोडी चुकली तरी चालेल म्हणाल, तर ती एकदम चोवीस टक्क्यांवर जाते आणि बाईंचा दावा बुडतो. १९३५ साली ‘द डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स’ या पुस्तकात फिशरने हा प्रयोग पानंच्या पानं समजावून सांगितला. बाईंना ओळखता आलं की नाही, हे मात्र सांगितलं नाही. आठ कप चहा पाजून निकाल गुलदस्त्यात ठेवणारा माणूस थोरच म्हणायचा.

ही गोष्ट ऐकतानाच माझा दावा ठरला. चहात आलं किसून घातलंय की ठेचून, हे मला पहिल्या घोटात कळतं. किसलेल्याने चहा कडवट होतो, ठेचलेल्याने खुलतो. हे मी लग्नानंतर लगेच सौ.ला सांगितलं होतं आणि तेव्हापासून रोज सकाळी पहिला घोट घेऊन ‘आज ठेचलंयस’ किंवा ‘आज किसलंयस’ असा निकाल देत आलो आहे. ती ‘हो’ म्हणते. इतका प्रदीर्घ अनुभव ब्रिस्टलबाईंच्याही गाठी नसेल.

वहीत काळ्या शाईने, खाली पट्टी धरून लिहिलं: शून्य परिकल्पना, मी नुसता अंदाज करतो. पर्यायी परिकल्पना, मी बरोबर ओळखतो. सार्थकता पातळी पाच टक्के. ही पाच टक्क्यांची रेघही फिशरनेच १९२५च्या पुस्तकात सोयीची म्हणून सुचवली आणि जगाने ती मनुस्मृतीसारखी धरली.

पहिली अडचण कपांची. प्रयोगाला आठही कप हुबेहूब सारखे हवेत. आमच्या घरात एकसारखे दोन कपही नाहीत. लग्नातला सेट कान तुटत तुटत संपला, उरलेले कुठल्या कुठल्या कंपन्यांनी दिवाळीला दिलेले. कागदी कपात कागदाची चव लागते. शेवटी सौ.ने माळ्यावरून संक्रांतीच्या वाणातल्या उरलेल्या स्टीलच्या वाट्या काढल्या. वीस वर्षांपूर्वीच्या हळदीकुंकवाच्या, प्रत्येकीवर तिचं नाव कोरलेलं. स्टीलच्या वाटीतून उकळता चहा पिणं हा स्वतंत्र प्रयोग आहे. ओठ लावला की भाजतो, फुंकर मारली की चहा नाकाकडे येतो.

दोन पातेली, दोन्हीत तेवढंच पाणी, तेवढीच पावडर, साखर मापून, आलं वजनकाट्यावर. गाळणं दोनदा, म्हणजे ठेचलेल्याचे धागे दिसून चोरी पकडली जायला नको. क्रमासाठी चार लाल आणि चार काळी पानं पिसली. ओळख म्हणून वाटीच्या बुडाला टिकली: किसलेल्याला लाल, ठेचलेल्याला काळी. वाट्या बाहेर आणायचं काम आईकडे दिलं, कारण सौ.च्या चेहऱ्यावरून मला सगळं कळतं असा माझा आणखी एक दावा आहे, त्याची चाचणी अजून व्हायची आहे. आईचा प्रयोगाला तात्त्विक विरोध होता. ‘अर्धा लिटर दूध गेलं,’ ती प्रत्येक वाटी ठेवताना म्हणत होती.

मी डोळे मिटून घोट घेत गेलो. मध्ये पाण्याने चूळ. तिसऱ्या वाटीला जिभेचा शेंडा बधिर झाला, पण फरक इतका स्वच्छ होता की मला त्याची गरजही वाटेना. टेबलावर डावीकडे किसलेल्याच्या चार वाट्या, उजवीकडे ठेचलेल्याच्या चार. एकदाही हात अडखळला नाही. मग आईने डावीकडची पहिली वाटी उलटी केली. काळी टिकली. दुसरी, काळी. तिसरी, काळी. चौथी उलटी करायच्या आधी तिने माझ्याकडे पाहिलं आणि पदराने चष्मा पुसला.

‘चारही चुकल्या गं,’ आईने स्वयंपाकघरात हाक दिली.

‘आठही,’ आतून उत्तर आलं.

मी वही ओढली. माझ्या दाव्यानुसार पी-व्हॅल्यू म्हणजे नुसत्या अंदाजाने निदान इतकं तरी बरोबर येण्याची शक्यता. शून्य किंवा त्याहून जास्त वाट्या बरोबर येणं तर ठरलेलंच. पी-व्हॅल्यू एक. याहून मोठी पी-व्हॅल्यू नसते. म्हणजे या परीक्षेत माझ्यापेक्षा वाईट निकाल लावणं गणितालाच मंजूर नाही.

पण तोंड धुताना उजेड पडला. आंधळेपणाने निवडून सगळ्या वाट्या बरोबर येणं जितकं कठीण, तितकंच सगळ्या चुकणंही कठीण! तेही सत्तरात एक. अंदाजपंचे करणाऱ्याच्या निम्म्या चुकतात; छत्तीस प्रकार त्याच घरात पडतात. सगळ्या चुकायला जीभ लागते. दोन्ही टोकं धरली तर सत्तरात दोन, म्हणजे ०.०२९, पाच टक्क्यांच्या खाली. सिग्निफिकंट! मी बाहेर येऊन जाहीर केलं की सत्त्याण्णव टक्के खात्रीने मला फरक कळतो.

सौ.ने माझी वही वाचली. ‘इथे तर “बरोबर ओळखतो” लिहिलंय. “फरक कळतो” असं कुठाय?’

ती आत गेल्यावर मी दुरुस्ती केली. ‘बरोबर’ खोडलं, कडेला ‘टू-टेल्ड’ लिहिलं.

सरांनी दुसऱ्या दिवशी वही बघितली. ‘काका, सगळं काळ्या पेनने आहे, हे एवढंच निळ्याने कसं?’ मग त्यांनी मला न दुखावता बरंच समजावलं. निकाल बघून टोक निवडायचं नसतं. सत्त्याण्णव टक्केही चूक, कारण पी-व्हॅल्यू तुमचा दावा खरा असण्याची शक्यता सांगत नाही. शून्य परिकल्पना खरी धरली तर असा निकाल किती दुर्मीळ, एवढंच सांगते. आणि गंमत म्हणजे फिशरला ही पर्यायी परिकल्पनेची भानगडच मान्य नव्हती. ती १९३३ साली जेर्झी नेमन आणि एगॉन पिअर्सन यांनी पक्की केली. आमच्या पुस्तकाने दोन्ही पद्धती एका पातेल्यात ओतल्या आहेत. प्रत्यक्षात फिशर आणि पिअर्सन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात एकाच इमारतीत होते आणि दोघांचे गट एकमेकांशी गाठ पडू नये म्हणून चहाला वेगवेगळ्या वेळी येत. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे त्याच सुमारास त्या कॉलेजात शिकत होते. सातारकर माणूस एकाच चहावर थांबला असेल असं मला वाटत नाही.

तरी एक शंका राहिलीच. अंदाज नव्हता, तर आठच्या आठ उलट्या का? रात्री सौ.ला विचारलं.

‘लग्नानंतर पहिल्यांदा तुम्ही “वा, ठेचलंयस” म्हणालात ना, तेव्हा मी किसलं होतं,’ ती म्हणाली. ‘नवीन होते. सासूबाई समोर बसलेल्या. हो म्हटलं.’

‘आणि नंतर?’

‘नंतर काय, तुम्ही रोज विचारणार, मी रोज हो म्हणणार. आलं ज्या दिवशी जसं जमेल तसं घालते.’

म्हणजे जीभ शाबूत होती, पाट्या उलट्या लागल्या होत्या. मी उठून बसलो. आता नव्या वाट्या, नवी माहिती आणि आधीच लिहून ठेवलेला नवा दावा: मला फरक कळतो, फक्त नावं उलटी. सरांनीही वहीवर ‘पुन्हा करा’ असाच शेरा दिला होता. सौ. म्हणाली, करू की. वाट्या मात्र तुम्ही घासायच्या. आणि या खेपेला मी दोन्ही पातेल्यांत किसूनच घालीन, बघू काय काय ओळखताय.

सरांना मी वर्ग सुटल्यावर गाठलं. विचारलं, प्रयोग करणाराच शून्य परिकल्पना खरी करून ठेवणार असेल, तर कुठली टेस्ट लावायची?

सरांनी बॅगेची चेन लावली. ‘ते सिलॅबसमध्ये नाही, काका.’