बारा पाती

भाचा विस्कॉन्सिनहून दिवाळीला आला. बॅगेतून त्याने आधी बदाम काढले, मग मामीसाठी क्रीम आणि सगळ्यात शेवटी माझ्यासाठी चाकू. मूठ भडक नारिंगी, पातं पावणेतीन इंचांचं, नखाने वाकेल इतकं पातळ. सोबत बारा सुट्या पात्यांचं पाकीट.

"मामा, हरणाच्या शिकारीचा आहे. बोथट झालं की धार लावत बसायचं नाही. पातं उचकटायचं, नवं बसवायचं."

अमळनेरच्या वाडी संस्थानाच्या, म्हणजे वारकरी मठाच्या, सावलीत जन्म काढलेल्या माणसाला शिकारीचा चाकू! वन्यजीव संरक्षण कायदा आला १९७२ मध्ये. परवाना काढून शिकार करायची जी फट त्यात राहिली होती, तीही १९९१ च्या दुरुस्तीने जवळजवळ बुजली. १८२५ मध्ये पलीकडे धरणगावला भिल्ल पलटण उभी करणारा औट्रम साहेब खानदेशात वाघांच्या मागे हिंडायचा म्हणतात. आता अमळनेरात शिकार उरली ती डासांची, आणि भुसावळ पॅसेंजरमधल्या खिडकीच्या जागेची. दोन्हींना चाकू लागत नाही. दुसरीला रुमाल पुरतो.

भाच्याचं म्हणणं मात्र बिनबुडाचं नव्हतं. त्यांच्याकडे बंदुकीने हरीण मारायचा मुख्य हंगाम नोव्हेंबरातले नऊ दिवस. अंगावर नारिंगी कपड्यांची सक्ती, म्हणजे दुसऱ्या शिकाऱ्याने आपल्यालाच हरीण समजू नये. २०१६ पासून भडक गुलाबीही चालतो. हरीण पडलं की तिथेच बर्फात त्याचं पोट साफ करायचं. बोटं बधिर झालेली असताना सहाण कोण काढणार? म्हणून ही पाती. युक्ती तशी जुनीच. सुट्या पात्याची शस्त्रक्रियेची सुरी १९१५ पासूनची, आणि दाढीचं ब्लेड त्याच्याही आधीचं. आमच्या सलूनमध्ये एड्सच्या धास्तीने चामड्याचा पट्टा भिंतीवरून उतरला आणि अर्धं ब्लेड घालायचा वस्तरा आला, तेव्हा मी स्वतः टाळ्या वाजवल्या होत्या. गळ्याचा प्रश्न आला की मी नेहमीच सुधारणावादी असतो.

पण माझ्याकडे आजोबांची सुरी आहे. घिसाड्याकडून ट्रकच्या पाट्याची करून घेतलेली. पातं मुठीत थेट शेवटपर्यंत गेलेलं, वर बाभळीच्या फळ्या, तांब्याच्या तीन खिळ्यांनी ठोकलेल्या. लिंबू कापून तशीच ठेवली तर सकाळपर्यंत गंजते, आणि मग घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोलत नाही. सायकल स्टँडवर चढवून पायडलने दगड फिरवणारा धारवाला आला की मी ती घेऊन धावतो. तो ठिणग्या उडवतो, अंगठ्याच्या नखावर धार टेकवून बघतो आणि दर वेळी म्हणतो, "लोखंड जुनं आहे, जपा." दर वेळी ती केसभर अरुंद होऊन घरी येते. आजोबांच्या वेळी ती सुरा होती. माझ्या नातवापर्यंत बहुधा सुई होईल.

"म्हणजे पातं तुझंही संपतं, माझंही संपतं," भाचा म्हणाला. "फरक काय?"

प्रश्न अमळनेरला शोभेसा होता. प्रतापशेठजींनी इथे १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढलं ते काही उगाच नाही. चाकं, आस, दांडी सुटी केली तर रथ कुठे राहतो, असं भिक्खू नागसेनाने मिलिंद राजाला विचारलं होतं. त्याने आमची विळी बघायला हवी होती. तिचं पातं दोनदा बदललं, पाट एकदा, खोबरं खवायचा फुलोरा बोहारणीने आणला, आणि तरी ती 'आजीची विळी'च आहे. मी हे सविस्तर मांडत होतो. बायको म्हणाली, "कापून बघा की दोन्हींनी."

रविवारी ओळखीच्या खाटकाकडे गेलो. चिंचेच्या ओंडक्यावरून मान वर करून त्याने नारिंगी मूठ न्याहाळली.

"नाना, हाई चाकू शे का पेन शे?"

पण हातात घेतल्यावर गप्प झाला. कातड्याखालून ते पातं असं सरकलं, जणू चेन उघडत होतं. जोर नाही, खरखर नाही. भाचा माझ्याकडे परीक्षेत पहिला आल्यासारखा बघत होता. मग खाटकाने सवयीने टोक गुडघ्याच्या सांध्यात घातलं आणि मनगट पिळलं. टक्!

"हाई बोकडनं हाड शे भाऊ, पापड नही."

मोडलेला तुकडा मटणात. गिऱ्हाइकं ताटकळलेली. शेवटी शेजारच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून जुन्या स्पीकरचं लोहचुंबक आणलं आणि अर्धा किलो मटणावरून पूजेत आरती फिरवावी तसं फिरवलं. तुकडा चिकटला. गिऱ्हाइकाने मटण बदलूनच घेतलं. ते अर्धा किलो अर्थात आम्ही खाल्लं. माझ्या सुरीने सांधा दोन हिसक्यांत सोडवला, कातड्यावर मात्र ती रडली. हे भाच्याला सांगितलं नाही. त्याने बघितलंच होतं.

तो परत गेला, चाकू राहिला. टोमॅटोला, कैरीला फारच छान. प्रत्येक पातं पंधरा दिवस टिकायचं. मग पक्कड शोधा, उचकटा, अंगठ्याला पट्टी लावा. सातव्या पात्याला बायकोने विचारलं, "जुनी कुठे टाकता?" हा मुद्दा आम्हा दोघा तत्त्वज्ञांना सुचला नव्हता. आजोबांच्या सुरीचा कचरा धारवाल्याच्या दगडावर ठिणगी होऊन उडून जातो. ह्या चाकूचा कचरा नव्या पात्याइतकाच धारदार. घंटागाडीवरची मुलं उघड्या हातांनी पिशव्या उपसतात, त्यात टाकणार कसं? तिने बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेतला, झाकणाला फट पाडली, वर 'उघडू नये' लिहिलं आणि तो फडताळात चकलीच्या डब्याशेजारी ठेवला. 'उघडू नये' वाचून आतापर्यंत चार पाहुण्यांनी तो उघडला आहे.

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, पाती संपली असतील ना? अजून एक पाकीट पाठवू?"

मी काही बोलायच्या आत स्वयंपाकघरातून आवाज आला, "आधी डबा पाठव म्हणावं. मोठा."