पान हलवणाऱ्या महाशयांस अनावृत पत्र

महाशय,

पत्राच्या सुरुवातीला ‘सप्रेम नमस्कार’ लिहायची आपल्याकडे रीत आहे. नमस्कार करते. सप्रेम लिहवत नाही.

मराठी बातम्यांच्या आणि लेखांच्या संकेतस्थळाची पानं तुम्ही रचता. मजकूर कुठे बसेल, जाहिरात कुठे चिकटेल, व्हिडिओ कधी आपोआप सुरू होईल हे तुम्ही ठरवता. तुमचं नाव मला ठाऊक नाही आणि त्यानं काही अडतही नाही, कारण तुमच्या व्यवसायबंधूंची पानं इतकी सारखी दिसतात की हे पत्र त्यांच्यापैकी कुणालाही पोचतं करता येईल. माझा आरोप एकच आहे. स्वस्तातला रंगीत ई-रीडर टॅबलेटऐवजी चालेल का, या साध्या प्रश्नाचं सरळ उत्तर ‘हो’ असायला हवं होतं. ते तुम्ही नासवलंत. यंत्र बनवणाऱ्यांनी नव्हे, तुम्ही.

हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. निवृत्त शिक्षक विचारतात, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या बाई विचारतात, दिवसभर संगणकापुढे बसून घरी आल्यावर आणखी एक उजळ पडदा नको झालेली तरुण मुलं विचारतात. यांना सिनेमे बघायचे नाहीत, खेळ खेळायचे नाहीत. सकाळी दोन-तीन वर्तमानपत्रं, दुपारी एखादा लांब लेख, अधूनमधून विकिपीडिया, पावसाचा नकाशा, एखादी पाककृती, एवढीच त्यांची भूक. टॅबलेटचा चकचकीत पडदा गॅलरीतल्या उन्हात दिसत नाही, आणि त्यावर वाचायला बसावं तर कुठली ना कुठली सूचना टपकते. त्यांना कागदासारखा पडदा हवा, थोडा रंग हवा, आणि खर्च आवाक्यात हवा. यात अवाजवी काय आहे?

आणि अशी यंत्रं आता आहेत. कोबो क्लारा कलर हा सहा इंची रीडर एप्रिल २०२४ मध्ये १४९.९९ डॉलरला आला. अमेरिकेतून येणाऱ्या भाच्याकडून मागवला तर तेव्हाच्या दरानं, कर सोडून, साधारण १२-१३ हजार रुपये. त्याच वर्षी ऑनिक्सचा बूक्स गो कलर ७ आला. तो सात इंची, २४९.९९ डॉलरचा, पण अँड्रॉइडवर चालणारा, म्हणजे त्यात आपल्याला हवा तो ब्राउझर घालता येतो. ऑक्टोबरमध्ये किंडल कलरसॉफ्ट आला, २७९.९९ डॉलरला. या तिघांत मी स्वस्त म्हणेन ते फक्त क्लाराला. कोबो आणि किंडल यांच्यातही ब्राउझर असतो, मात्र तो जुजबी. साधं पान तो नीट दाखवतो.

साधं पान, महाशय. तुमचं पान नव्हे.

का, ते सांगते. इतकी वर्षं पानं रचूनही तुम्हाला हे माहीत नसेल, तर आता माहीत करून घ्या. या रीडरांच्या ई-इंक पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पांढरे आणि काळे कण तरंगत असतात, एकमेकांविरुद्ध विद्युतभाराचे. विजेचा इशारा मिळाला की काळे वर येतात किंवा पांढरे वर येतात, आणि मग तिथेच थांबतात. स्थिर चित्र टिकवायला वीज लागत नाही. म्हणूनच क्लाराची बॅटरी अवघी १५०० मिलिअँपिअर-तासांची असूनही पुस्तक वाचणाऱ्याला आठवडेच्या आठवडे पुरते. पण चित्र बदललं की कण पुन्हा हलवावे लागतात. ते द्रवातून वाट काढत जातात, त्याला वेळ लागतो, आधीच्या चित्राची पुसट छाया मागे उरते, आणि ती घालवायला सगळा पडदा एकदा काळा-पांढरा लखलखतो. स्थिर मजकुरासाठी याहून चांगला पडदा मी पाहिलेला नाही. हलणाऱ्या मजकुरासाठी याहून वाईट शोधावा लागेल.

आता रंगाचं. या तिन्ही यंत्रांत कॅलिडो ३ जातीचा पडदा आहे, किंडलनं त्यावर स्वतःचे संस्कार केलेत इतकंच. खाली तोच काळा-पांढरा पडदा, आणि त्यावर लाल, हिरव्या, निळ्या ठिपक्यांची गाळणी. काळं अक्षर इंचाला ३०० ठिपक्यांनी उमटतं, पण रंग आला की तेच १५० वर येतं. मूळ राखाडी छटा १६, म्हणून तीन रंगांचे मिळून १६ गुणिले १६ गुणिले १६, म्हणजे ४०९६ रंग होतात. गाळणी प्रकाशही खाते, त्यामुळे पार्श्वभूमी थोडी मळकट दिसते आणि आतला दिवा जास्त लावावा लागतो. हे सगळं मी विचारणाऱ्यांना आधीच सांगते. नकाशे, आलेख, पाठ्यपुस्तकातल्या आकृत्या बघायच्या असतील तर रंग घ्या. नुसता मजकूर वाचायचा असेल तर क्लाराचं काळं-पांढरं भावंड २०२४ मध्ये १२९.९९ डॉलरला आलं, त्यात पान अधिक पांढरं दिसतं, वीस डॉलर वाचतात. या मर्यादा यंत्राच्या आहेत, उघड आहेत, आणि त्यांच्याशी जुळवून घेता येतं.

तुमच्याशी जुळवून घेता येत नाही.

माझी सोलापूरची मावशी अशा अँड्रॉइडच्या रीडरवर तुमच्यासारख्याच एका संकेतस्थळावर अग्रलेख उघडते तेव्हा काय होतं बघा. वरची पट्टी चिकटून बसते. खालची जाहिरात चिकटून बसते. मधल्या चिंचोळ्या जागेत लेखाच्या चार ओळी. कोपऱ्यात व्हिडिओ आपोआप चालू होतो, मावशीनं मागितलेला नसताना, आणि त्याच्या प्रत्येक हालचालीसरशी बिचाऱ्या कणांची धावपळ सुरू होते. पडदा फडफडतो, बॅटरी उतरते. लेख वाचावा म्हणून ती बोट पुढे करते, तोच वरची एक जाहिरात उशिरा अवतरते आणि सगळा मजकूर खाली सरकतो. साध्या मोबाइलवर हे सरकणं निदान दिसतं तरी. या पडद्यावर ते दिसेपर्यंत बोट टेकलेलं असतं. उघडतं काय, तर फर्निचरच्या दुकानाची जाहिरात. ज्या जाहिरातींचा हिशेब स्पर्शावर होतो, त्यांत या चुकलेल्या बोटाचेही पैसे लागतात. ते कुणाच्या खात्यात जातात, महाशय? मावशीच्या तर नाही.

ती परत येते. लेखाचा धागा सापडतो न सापडतो तोच पान आपलं आपण पुन्हा लोड होतं आणि पुन्हा मथळ्यापाशी. हा तर निव्वळ निगरगट्टपणा आहे. वाचक मध्यावर आहे आणि तुम्ही त्याच्या हातातलं पान हिसकावून पहिल्यापासून सुरू करता, कशासाठी? पान पाहिल्याचा आकडा वाढावा म्हणून. वाचणाऱ्याला वाचू न देणं हा तुमच्या धंद्याचा भाग कधीपासून झाला?

अक्षरांचंही सांगायलाच हवं. मजकूर काळा ठेवायला तुम्हाला कोण आडवं आलं होतं? फिकट राखाडी अक्षर पांढऱ्यावर, ठळक शब्द लाल, दुवे निळे. या पडद्यावर रंगीत अक्षराची धार बोथट होते हे वर सांगितलंच. रोमन लिपीत त्यानं एखादं अक्षर पुसट होत असेल. देवनागरीत अनुस्वार उडतो, रफार शिरोरेषेत मिसळतो, जोडाक्षराचा खालचा पाय तुटतो. वाचनीयतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५ ला १ एवढा तफावतीचा दंडक आहे. तो पाळला असता तरी अर्धं काम झालं असतं.

‘आम्ही इतक्या किरकोळ यंत्रांचा विचार कसा करणार?’ असं तुम्ही म्हणाल. तुमच्यासाठी तो विचार आधीच करून ठेवलेला आहे. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीनं सीएसएस या पानाच्या मांडणीच्या भाषेत ‘अपडेट’ नावाची विचारणा दिली आहे. पडदा वेगानं बदलतो, संथ बदलतो की मुळीच बदलत नाही, हे पान त्यातून विचारू शकतं, आणि ‘संथ’ हा पर्याय ई-इंकसारख्या पडद्यांसाठीच ठेवलेला आहे. प्रमुख ब्राउझर २०२३ पासून ती ओळखतात. आपला पडदा संथ आहे हे यंत्रानं सांगायचं असतं, आणि ते न सांगणारी यंत्रंही आहेत, तो दोष त्यांचा. म्हणून दुसरी विचारणाही आहे: वाचकाला हालचाल कमी हवी का? अँड्रॉइडच्या सुलभता विभागात ॲनिमेशन काढून टाकण्याचं बटण असतं, ते दाबलं की वाचकाची ही इच्छा पानाला कळते. मावशीच्या रीडरवर मी तशी सोय करून पाहिली. तुमच्या पानानं ढुंकूनही पाहिलं नाही. दहा-बारा ओळी लिहायचं काम होतं हे.

आणि वजन? एचटीटीपी अर्काइव्ह जगभरातल्या संकेतस्थळांची मापं वर्षानुवर्षं काढतं, आणि त्यात मधलं, सर्वसाधारण पानसुद्धा दोन एमबीच्या पुढे गेलेलं आहे. हजार शब्दांचा मराठी लेख किती भरतो? देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइटची, म्हणजे सगळा लेख वीस केबीच्या आसपास. शंभरातले नव्व्याण्णव हिस्से असलेली तुमची भरताड वाचकाच्या डेटातून जाते, त्याच्या बॅटरीतून जाते, आणि जुजबी ब्राउझरच्या छातीवर बसून त्याला बंद पाडते. हा भार फक्त रीडरवर पडतो असं समजू नका. धाराशिवच्या वाडीत जुन्या मोबाइलवर बाजारभाव बघणारा शेतकरीही तोच उचलतो. सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी रचलेलं पहिलं वेबपान आजही उघडता येतं. मजकूर आणि दुवे, बस्स. ते या रीडरवर क्षणात उघडतं आणि स्थिर राहतं. मराठी विकिपीडियाही त्याच गुणानं इथे सुखानं वाचता येतो. वेबला या पडद्याचं वावडं नाही. तुम्हाला आहे.

वाचकांनी तुमच्यापासून पळायला वाटाही काढल्या. लेख पॉकेट नावाच्या सेवेत साठवायचा, त्यातली तुमची भरताड गळून जायची, आणि कोबोवर निवांत वाचायचा. मोझिलानं ८ जुलै २०२५ ला पॉकेट बंद केलं, आणि कोबोनं त्या जागी इन्स्टापेपर आणलं. अँड्रॉइडच्या रीडरवर लोक आइंकब्रो नावाचा ब्राउझर घालतात, जो पान सरकवत नाही, पुस्तकासारखं उलटतो. किंवा फायरफॉक्समध्ये जाहिरात रोखणारी जोड बसवतात. म्हणून आता मला विचारणाऱ्यांना मी सांगते: नुसता मजकूर साठवून वाचणार असाल तर क्लारा घ्या, थेट संकेतस्थळावर जाऊन वाचणार असाल तर साधारण शंभर डॉलर जास्त घालून अँड्रॉइडचा घ्या. हे वरचे शंभर डॉलर यंत्राचे नाहीत. ते तुमच्यापासून बचावाचे आहेत, आणि स्वस्त पर्याय शोधणाऱ्या माणसाला ते भरावे लागतात याचा मला संताप येतो.

जाहिरातीशिवाय पगार कुठून देणार, हा तुमचा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. पत्रकारांना पगार मिळायलाच हवा. पण स्थिर जाहिरात ही जाहिरातच असते. छापील वर्तमानपत्रात ती पिढ्यान् पिढ्या स्थिर होती, आणि तिच्यावर घरं चालली. पान उघडताच वेगळी खिडकी उघडण्याची युक्ती ज्यांनी रचली, त्या ईथन झुकरमन यांनी २०१४ मध्ये जाहीर लेख लिहून माफी मागितली. तुमच्यातल्या एकाला ते जमलं. तुमच्याकडून मला माफी नको, चार कामं हवीत. व्हिडिओ वाचकानं दाबल्याशिवाय सुरू करू नका. जाहिरातीची जागा आधीच राखून ठेवा, म्हणजे मजकूर सरकणार नाही. पान आपोआप पुन्हा लोड करणं आजच्या आज बंद करा. आणि लेखाची अक्षरं काळी करा.

आणखी एक. मी तुमच्या एका व्यवसायबंधूच्या संकेतस्थळाची वर्गणी भरते. पैसे घेऊनही तिथे तीच खालची चिकटपट्टी, तोच कोपऱ्यातला व्हिडिओ. नूतनीकरणाची आठवण करणारा ईमेल आला आहे. तो मी तसाच ठेवला आहे. वरची चार कामं मावशीच्या रीडरवर दिसली की त्याच दिवशी भरीन, आणि तिचीही वर्गणी सुरू करीन.

कळावे,
एक वर्गणीदार वाचक