अननसाच्या भावकीला थंडी

झाडाचा हेवा वाटावा, असं माझं वय नाही. तरी दर डिसेंबरात तो वाटतोच. पुण्यातल्या आमच्या गॅलरीतल्या ब्रोमेलियाडला रात्री स्वतःचं पांघरूण मिळतं. अख्खं, कुणाची वाटणी नसलेलं.

मी निफाडचा. आमच्या गावाची ख्याती दोनच गोष्टींची, द्राक्षं आणि गारठा. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा 4-5 अंशांवर उतरला की दुसऱ्या दिवशी पेपरात निफाड झळकायचं. घरातल्या कुणाचं नाव छापून येण्याचा संभव नव्हता, तेव्हा गावाच्या नावावरच आम्ही समाधान मानायचो. पुण्याचे पाहुणे दात वाजवत “काय हो ही थंडी!” म्हणाले, की वडील कानटोपी सारखी करत म्हणायचे, “ही कसली थंडी! जानेवारीत या.”

आजीच्या लुगड्यांची एकच मोठी गोधडी आणि तिच्याखाली आम्ही तिघं भावंडं. कडेच्या दोघांचं आयुष्य ओढाओढीत जायचं. ऊब असायची ती मधल्याला. मधली जागा आजारी पोराची, असा आजीचा नियम होता. त्यामुळे डिसेंबर लागला की आमच्या घरात खोकल्याची साथ यायची. आजी माझा खोकला लक्ष देऊन ऐकायची आणि म्हणायची, “जरा खालून काढ रे, हा नुसता गळ्यातला आहे.”

सकाळी बंब पेटायचा. अंघोळीला कुणी राजी नसे, पण बंबाला लाकडं घालायला तिघंही तयार. गोठलेल्या खोबरेल तेलाची बाटली त्याच्याजवळ आमच्याआधी जाऊन बसलेली असायची. संध्याकाळी शेकोटी. तिच्यापुढे पोट भाजायचं आणि पाठ गारठायची. पाठ फिरवली की उलट. भाकरीसुद्धा दोन्ही बाजूंनी भाजून सुटते, आमची सुटका नव्हती.

पण खरा मान द्राक्षबागेचा. कडाक्याच्या रात्री बागेत जागोजागी पालापाचोळा पेटवून धूर करायचे. वेलींना गारठा बाधू नये म्हणून गडीमाणसं रात्रभर जागायची, वडील बॅटरी घेऊन फेऱ्या मारायचे. आमच्या अंगावरची गोधडी सरकली का, हे बघायला कुणी बॅटरी आणल्याचं मला आठवत नाही. तेव्हा झाडांचा हेवा हा माझा जुनाच आजार. ब्रोमेलियाडनं तो उलटला, एवढंच.

“हा अननसाचा भाऊबंद, साहेब,” असं सांगून नर्सरीवाल्यानं मला हा ब्रोमेलियाड, म्हणजे गुझमानिया, विकला. ते खरंही निघालं. अननस पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आपल्याकडे आला आणि इथलाच होऊन बसला. ही भावकी मूळची अमेरिका खंडातली, 3000 हून अधिक जातींची. एकच जात समुद्रापार, पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीच्या खडकांवर. भावकीतला एखादा परमुलखात असायचाच.

गुझमानियाला पाणी पानांच्या मधल्या पेल्यात घालायचं. त्याच्या मूळच्या जंगलात अशा पेल्यांमधून बेडूक राहतात. आमच्याकडे डेंगीच्या तपासणीला ताई येतात. “हे काय, साचलेलं पाणी?” मी म्हटलं, “तो पितो.” ताईंनी आधी झाडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पेला ओतून टाकला. आता मी दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलतो. घरात मला प्यायला पाणी कोण देतं, हा प्रश्न वेगळा.

पारा 10-12 अंशांखाली गेला की याचं बिनसतं. मग कुंडी आत येते, पेल्यातलं पाणी कमी होतं, वरून जुनी चादर. बायको म्हणते, “विक्स लावलंत का?” मी त्याला त्याच्या नातेवाइकांचे दाखले देतो. पेरू-बोलिव्हियाच्या अँडीज पर्वतात सुमारे 4000 मीटर उंचीवर पुया रायमोंडी उभी असते. तिथे रात्री पाणी गोठतं. वाळलेली पानं टाकून न देता ती खोडाभोवती तशीच ठेवते. आजीला तिचं कौतुक वाटलं असतं. दुसरा नातेवाईक स्पॅनिश मॉस. झाडांवरून दाढीसारखा लोंबणारा हा गडी अमेरिकेच्या दक्षिणेत वाळवून गाद्यांमध्ये भरत. म्हणजे भावकीतले काही पांघरूण मागतात आणि काही स्वतःच अंथरूण होतात. आमच्या घराण्यातही हेच प्रमाण आहे.

अननसाची आणखी एक गंमत. एकोणिसाव्या शतकात अझोर्स बेटांवरच्या काचघरांत धूर झाला आणि अननसांना एकदम फुलं आली. धुरातल्या इथिलीन वायूची ती करामत. पिकलेलं सफरचंदही तो वायू सोडतं. ते कुंडीसकट पिशवीत काही दिवस बांधून ठेवलं, तर वयात आलेलं ब्रोमेलियाड फुलतं. हे वाचून मी विचारात पडलो. शेकोटीच्या, बंबाच्या, बागेच्या धुरात आमचं बालपण गेलं; बहर म्हणून काही आला नाही. गणितात तर अजिबात नाही.

आमचा गुझमानिया मात्र फुलला. हे झाड एकदाच फुलतं, मग सावकाश वाळतं आणि बुंध्याशी पिल्लं सोडतं. त्याला आता तीन पिल्लं आहेत. आईच्या तिसऱ्या हिश्शाएवढी झाली की ती वेगळी करता येतात. बायकोनं तीन कुंड्या आणूनही ठेवल्यात. आमच्या मुलांसारखी प्रत्येकाला स्वतंत्र खोली. मी सांगितलंय, संक्रांत होऊन उन्हं तापू देत, मग बघू. तोवर तिघांनी एकाच चादरीखाली राहावं, कोपरं मारावीत, ओढाओढ करावी. मधलं पिल्लू जरा जास्तच टवटवीत दिसतंय. बहुधा खोकायला शिकलंय.